जुन्या ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगची तेलगळती : शोध आणि दुरुस्ती

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



माझा विषय कृषिविद्या. पेरणीची वेळ, बियाण्याचे प्रमाण, आंतरमशागत, तणांचा बंदोबस्त याविषयी बोलणे हे माझे नेहमीचे काम. तेव्हा हा माणूस ट्रॅक्टरच्या तेलगळतीवर काय सांगणार, असे तुम्हांला वाटले तर त्यात नवल नाही. पण पेरणीच्या शिफारशी सांगत गावोगाव फिरताना एक चित्र सारखे दिसते. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी, असे आम्ही सांगतो. त्यातही पाऊस उघडून जमिनीला नेमका वापसा येतो तो चार-पाच दिवसांचा. बियाणे घरात असते, खत आणून ठेवलेले असते, आणि ट्रॅक्टर गॅरेजच्या दारात उभा असतो. का, तर स्टिअरिंगचे तेल जाते. विचारले की कळते, तेल उन्हाळ्यापासूनच जात होते. रोज थोडे ओतून काम चालले होते.

आज ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांचा ट्रॅक्टर आहे, किंवा ज्यांनी असा वापरलेला ट्रॅक्टर विकत घेतला आहे, त्यांच्यासाठी हे बोलणे आहे. इंजिनाचा धूर, क्लच, ब्रेक याकडे आपले लक्ष असते. स्टिअरिंगच्या तेलाकडे मात्र आपण ‘थोडेसे ओलसर आहे’ म्हणून काणाडोळा करतो. तो का करू नये, हे समजण्यासाठी आधी ही यंत्रणा कशी चालते ते पाहावे लागेल.

हात आणि चाक यांच्यामध्ये काय असते?

साध्या स्टिअरिंगमध्ये तुमच्या हातातील चाकापासून पुढच्या चाकांपर्यंत लोखंडाची सलग साखळी असते. दांडा, गिअर पेटी, हात, टाय रॉड असे एकाला एक जोडलेले असते. पॉवर स्टिअरिंगचे दोन प्रकार ट्रॅक्टरवर दिसतात. एकात ही लोखंडी साखळी कायम असते आणि तेलाचा दाब तिला फक्त मदत करतो. दुसऱ्यात, म्हणजे हायड्रोस्टॅटिक प्रकारात, ही साखळीच नसते. स्टिअरिंगच्या खांबाच्या बुडाशी एक युनिट असते. इंजिनवर चालणारा पंप टाकीतील तेल या युनिटला देतो. तुम्ही चाक फिरवाल त्या बाजूला युनिट तेल सोडते. ते होज पाईपमधून पुढच्या एक्सलवरील सिलिंडरमध्ये जाते, सिलिंडरचा रॉड सरकतो आणि चाके वळतात. उरलेले तेल परतीच्या पाईपने टाकीत येते.

आपला ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा, हे ओळखणे सोपे आहे. खांबाच्या खाली वाकून पाहा. तेथून लोखंडी दांडा किंवा हात पुढे गेलेला दिसला तर पहिला प्रकार. नुसते पाईपच पुढे गेलेले दिसले तर दुसरा. दुसऱ्या प्रकारात तुमचा हात आणि पुढचे चाक यांच्यामध्ये तेलाशिवाय काहीही नाही. इंजिन बंद पडले तरी पाईपमध्ये तेल शाबूत असेल तर युनिट हातपंपासारखे काम करते. चाक जड जाते, पण ट्रॅक्टर वळतो. तेलच निघून गेले तर मात्र हातातले चाक नुसते गरगर फिरते आणि ट्रॅक्टर जिकडे तोंड आहे तिकडे जातो. मागे उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या असतील, रस्त्याला उतार असेल, समोरून सायकलवर शाळेची मुले येत असतील, तर पुढे काय होईल हे मी सांगायला नको.

आता दाबाविषयी थोडे. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्ये मोटारीवर पॉवर स्टिअरिंग चालवून दाखविले. विक्रीच्या मोटारीत ते यायला १९५१ साल उजाडले. आपल्या ट्रॅक्टरवर आजही तत्त्व असे आहे की चाक सरळ असताना तेल युनिटमधून मोकळे फिरून टाकीत परत येते आणि दाब फारच थोडा असतो. चाक वळवले की दाब चढतो. शेवटपर्यंत वळवून दाबून धरले तर तो शंभर बारच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. पुढच्या टायरमध्ये आपण हवा भरतो ती सुमारे दोन बार. म्हणजे टायरच्या पन्नास पट दाब त्या बोटाएवढ्या पाईपमध्ये असतो. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सरळ उभ्या ट्रॅक्टरची गळती तपासून पुष्कळदा काहीच सापडत नाही. ती वळवतानाच दिसते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती मी दुरुस्तीच्या आधी सांगून टाकतो.

दाबाखालच्या पाईपला बारीक छिद्र पडले की तेल धुक्यासारखे किंवा केसाएवढ्या धारेने बाहेर पडते. आपली सवय अशी की कुठून येते हे हाताने चाचपून पाहायचे. असे कदापि करू नका. ती धार इंजेक्शनच्या सुईसारखी कातडीत शिरते. वर दिसतो तो सुई टोचल्याएवढा ठिपका, आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. माणूस हात पुसून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल बोटाच्या मांसात पसरत जाते, काही तासांत हात सुजून ठणकू लागतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात काढावा लागतो. म्हणून असे काही झाल्याची नुसती शंका आली तरी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब जावे आणि ‘दाबाचे तेल कातडीत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी येणे पुरेसे नाही. गळती शोधायची ती हातभर लांब धरलेल्या पुठ्ठ्याने. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटते, ती हातावर उमटायला नको.

थेंब पडतो तिथे गळती नसते

हे वाक्य तुम्ही ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लिहून ठेवले तरी चालेल. तेल पाईपवरून ओघळते, चॅसिसच्या कडेने पुढे सरकते, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते, धुळीत मुरते, आणि सगळ्यांत खालच्या टोकावरून टपकते. ते टोक बहुधा पुढच्या एक्सलचे असते. मग मिस्त्री सिलिंडरचे सील बदलतो, दोन दिवस धूळ नसल्यामुळे बरे वाटते, आणि पुन्हा तेच. माझ्या पाहण्यातील एका शेतकऱ्याने एकाच हंगामात सिलिंडरचे सील किट दोनदा बदलले होते. तेल येत होते ते वर टाकीजवळच्या परतीच्या पाईपच्या सैल क्लिपमधून. स्क्रूड्रायव्हरचे दोन आटे, एवढेच काम होते.

तेव्हा सुटे भाग आणण्याच्या आधी अर्धा दिवस शोधाला द्या. रात्री ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून खाली स्वच्छ पुठ्ठा किंवा खताच्या पोत्याचा पांढरा प्लास्टिक कपडा पसरावा. सकाळी डाग कुठे व कसला आहे ते पाहावे. काळाकुट्ट, जळकट वासाचा डाग इंजिन ऑईलचा. पातळ, लवकर पसरणारा आणि वासाने लगेच ओळखू येणारा डिझेलचा. हिरवट किंवा गंजट पाणी असेल तर रेडिएटर. स्टिअरिंगचे तेल बऱ्याच ट्रॅक्टरवर पिवळसर असते, काहींवर लाल. तुमच्या टाकीत कोणते आहे ते झाकण उघडून दांडीला लागलेल्या तेलावरून पाहावे आणि डागाशी ताडून बघावे. डिझेल पंपाची गळती स्टिअरिंगची समजून दुरुस्ती केल्याची उदाहरणे कमी नाहीत.

डाग स्टिअरिंगचाच ठरला की मग धुणे. ब्रश, रॉकेल किंवा डिझेल आणि नंतर साबणाचे पाणी वापरून टाकी, पंप, पाईप, युनिटचा तळ आणि सिलिंडर स्वच्छ करून घ्यावेत. इंजिन थंड असावे आणि जवळ विडी-काडी नसावी. सर्व्हिसिंग सेंटरच्या दाबाच्या पाण्याचा झोत सीलवर व खांबाच्या बुडाशी मारू नये. तेथे शिरलेले पाणी आणि कचरा नवी गळती तयार करतात. पूर्ण वाळल्यावर सांध्यांच्या भोवती अंगाला लावायची पावडर कापसाने हलकेच लावावी. ओल आली की पावडर तेथेच काळी पडते आणि उगम उघडा पडतो. रांगोळी वापरू नका. ती दगडाची पूड आहे, सिलिंडरच्या रॉडवर चरे पाडते. रॉडवर कोणतीच पावडर नको.

आता दोन माणसे लागतात. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना उट्या लावलेल्या. पुढची चाके जमिनीवरच असू द्यावीत, म्हणजे पुरेसा दाब येतो. एकाने इंजिन सुरू करून चाक सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. दुसऱ्याने बाजूला उभे राहून टॉर्चच्या उजेडात पाहावे. चाक आणि चॅसिस यांच्या मध्ये वाकू नये. टोकाला चाक तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये, कारण त्या वेळी सगळे तेल दाबमुक्तीच्या झडपेतून जाते आणि भराभर तापते. पाहताना नेहमी वरून खाली यावे. सगळ्यांत वर जिथे ओल आहे, तोच उगम. त्याच्या खालचे सगळे ओघळ समजावेत.

तेल किती जाते याचाही हिशेब ठेवावा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दहा सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दहा तासांच्या कामात १८० मिलिलिटर तेल जाते. सेकंदाला एक थेंब म्हणजे १.८ लिटर, लहान ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगची टाकीच जवळपास तेवढी असते. म्हणजे सकाळी भरलेली टाकी संध्याकाळी घरी येताना कोरडी, आणि घरी येण्याची वाट बहुधा अंधाराची.

बाहेर काहीच दिसत नाही आणि तरी पातळी उतरते, असेही होते. ज्या ट्रॅक्टरचा पंप इंजिनच्या टायमिंग गिअरवर चालतो, त्यात पंपाच्या शाफ्टचे सील गेले तर तेल इंजिनमध्ये उतरते. अशा वेळी इंजिन ऑईलची दांडी पाहावी. तेल न ओतता पातळी वाढलेली दिसली तर ट्रॅक्टर चालवू नये. इंजिन ऑईलमध्ये भेसळ झाली आहे. डिझेल उतरल्यामुळेही पातळी वाढते, म्हणून वास घेऊन पाहावा.

याउलट टाकीत फेस दिसतो, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि चाक मध्येच जड, मध्येच हलके लागते. हे टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाईपचे लक्षण आहे. या पाईपमध्ये दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे इंजिन चालू असताना तेथून तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते; इंजिन बंद केल्यावर मात्र तेथे ओल येते. टाकीतील तेल दुधासारखे दिसले तर तासभर तसेच ठेवावे. निवळले तर हवा होती. निवळले नाही तर पाणी शिरले आहे, आणि ते तेल काढून टाकण्याशिवाय उपाय नाही.

दुरुस्ती : घरची आणि वर्कशॉपची

टाकीच्या झाकणाजवळची ओल ही पुष्कळदा गळती नसतेच. तेल खुणेच्या वर भरलेले असते किंवा झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजलेले असते. छिद्र साफ करावे, पातळी खुणेवर आणावी.

परतीचा पाईप आणि ओढीचा पाईप हे कमी दाबाचे. इंजिनच्या उष्णतेने त्यांची टोके कडक होतात आणि क्लिप कितीही आवळली तरी बसत नाहीत. लांबी पुरत असेल तर कडक झालेले टोक इंचभर कापून नव्या क्लिपने बसवावे. लांबी पुरत नसेल तर तेल सहन करणाऱ्या रबराचा पाईपच घ्यावा. पाण्याच्या किंवा फवारणी पंपाच्या नळीने आठवडा निघेल. नंतर ती नळी तेलाने फुगून मऊ पडेल आणि तिचे तुकडे टाकीत जातील.

दाबाच्या होज पाईपला जोडकाम नाही. एम-सील, सायकलच्या ट्यूबची पट्टी, वर तार आवळणे हे प्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत आणि एकही मान्य करू शकत नाही. आतील तारेची जाळी दिसू लागली, पाईप फुगला, किंवा धातूच्या टोकाशी घाम सुटला की तो पाईप संपला. तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावी होज पाईप प्रेस करून देणारी दुकाने असतात. तेथे जुना पाईप सोबत न्यावा आणि व्यास, लांबी, दोन्ही टोकांचे आटे व वाक, आणि पाईपवर छापलेला कामाचा दाब या चारही गोष्टी जुळवून घ्याव्यात. पाईप बनल्याचा काळही बहुधा छापलेला असतो. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला पाईप घेऊ नये. बसविताना पिळ पडू देऊ नये आणि चाके दोन्ही टोकांना वळवून पाईप कुठे ताणला जातो का, कुठे घासतो का ते पाहावे.

कारण जुना पाईप का गेला, हे न शोधता नवा बसविला तर तोही जाणारच. आपल्याकडे कारणे ठरलेली आहेत. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीची धसकटे खालून पाईपला टोचतात. उसाच्या फडातून जाताना पाचट गुंडाळले जाते आणि पाईपची क्लॅम्प उपटते. मग मोकळा पाईप चॅसिसवर घासत राहतो. गोठ्याला लागून ट्रॅक्टर उभा असेल तर उंदीर कुरतडतात. क्लॅम्प परत बसवणे हे पाच मिनिटांचे काम आहे, पण तेच राहून जाते.

सांध्यांचे म्हणाल तर गळतो म्हणून आवळत सुटू नये. बँजो बोल्टखाली तांब्याचे वॉशर असतात, ते एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत. सांधा उघडला की वॉशर नवे टाकावेत. दुकान लांब असेल तर जुना वॉशर लालसर तापवून थंड केल्यावर मऊ होतो आणि वेळ निभावते. ओ-रिंगच्या सांध्यात ओ-रिंग बदलावी. नळजोडणीची पांढरी टेप येथे वापरू नये. तिचे धागे तुटून युनिटमध्ये अडकतात. फार जोर लावल्यास आटे जातात आणि वीस रुपयांच्या वॉशरचे काम हजारांवर जाते.

सिलिंडरच्या सीलवर मी जरा थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त पैसे येथे वाया जातात. रॉडवर तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे. त्यानेच सीलला वंगण मिळते. थेंब तयार होऊन पडत असेल तर सील गेले. पण सील हा बिचारा शेवटचा बळी असतो. रॉड स्वच्छ पुसून इंजिन बंद असताना त्यावरून नख फिरवा. नख कुठे अडकले, म्हणजे चरा किंवा गंजाचा खड्डा आहे, तर त्या रॉडवर नवे सील काही दिवसच टिकेल. पॉलिश पेपरने घासून चरा जात नाही. वरचा चकचकीत मुलामा तेवढा जातो. अशा वेळी रॉडला पुन्हा मुलामा देणे किंवा तो बदलणे हाच मार्ग. रॉड चांगला असेल तर सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या पिना आणि बॉल जॉइंट हलवून पाहावेत. ते ढिले असतील तर रॉड तिरका ओढला जातो आणि सील एका बाजूने झिजते. आधी पिना, मग सील.

सील बसविणे गावचा चांगला फिटर करू शकतो, अट एवढीच की काम अंगणात धुळीत न करता स्वच्छ कापडावर करावे. सीलचा ओठ कोणत्या बाजूला होता याची खूण जुने काढतानाच करून ठेवावी. ओठ दाबाच्या तेलाकडे असतो. रॉडच्या आट्यांवर पातळ प्लास्टिक गुंडाळून वरून तेल लावलेले सील सरकवावे, नाही तर आटेच ओठ कापतात. बाहेरचे धूळ पुसणारे वायपर सील बदलायचे विसरू नये. भात खाचरात चिखलणी करणाऱ्यांनी संध्याकाळी रॉडवरचा चिखल ओला असतानाच धुवावा. वाळलेला चिखल दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या वळणाला सीलखाली जातो. पावसाळ्यात ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर उघड्या रॉडला ग्रीसचा हात द्यावा आणि बाहेर काढण्यापूर्वी तो पुसून घ्यावा.

खांबाच्या बुडाचे युनिट आणि पंप गावात उघडू नयेत. युनिटच्या आतील भाग केसाच्याही अंशात जुळवलेले असतात. ते ठराविक जागेवर बसले नाहीत तर इंजिन सुरू करताच हातातील चाक आपोआप गरगरू शकते. अंगठा मोडायला तेवढे पुरे. युनिटचा खालचा भाग ओला दिसला तर आधी वरून खांबावरून तेल उतरत नाही ना, पाईपचे सांधे गळत नाहीत ना, हे पाहावे. युनिटच दोषी ठरले तर काढून कंपनीच्या माहीतगार वर्कशॉपला न्यावे. चाक टोकाला नेल्यावरही हळूहळू फिरतच राहते, किंवा सरळ जाताना ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, ही आतल्या आत होणाऱ्या गळतीची चिन्हे असू शकतात. त्यात बाहेर थेंबही दिसत नाही. दोष सिलिंडरच्या पिस्टनचा की युनिटचा, हे वर्कशॉपमध्ये दाबाचे मीटर लावून ठरवतात. अंदाजाने दोन्ही बदलण्याचा खर्च करू नये.

बाटलीत मिळणाऱ्या ‘गळती बंद’ औषधाविषयी हमखास विचारले जाते. अशी औषधे रबर फुगवतात. काही दिवस ओल थांबते, नंतर सगळीच सीले मऊ पडण्याचा धोका असतो. फाटलेल्या पाईपवर आणि चरे पडलेल्या रॉडवर त्यांचा उपयोग नाही. माझे मत विचाराल तर त्या पैशात वॉशर आणि क्लिप घ्या. ब्रेक ऑईल तर चुकूनही टाकू नका, ते या सीलांचे रबर खराब करते. इंजिनचे काढलेले काळे तेल गाळून टाकणारेही आहेत. त्यातील कीस युनिटला खातो. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेले तेलच वापरावे. जुना ट्रॅक्टर घेताना पुस्तिका मिळाली नसेल तर कंपनीच्या विक्रेत्याकडे मॉडेल सांगून तेलाचा प्रकार लिहून घ्यावा. ज्यांना किंवा ज्यांच्या मुलांना हे सारे हाताने शिकायचे आहे त्यांनी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेची चौकशी करावी. १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत ट्रॅक्टर चालविणे व देखभाल यांचे वर्ग चालतात.

ऐन पेरणीत गळती लागली तर काय? येथे मी कृषिविद्येचा माणूस म्हणून बोलतो, कारण वापसा थांबत नाही हे मला माहीत आहे. सांध्याला नुसता घाम असेल, पातळी दिवसभरात खुणेच्या खाली जात नसेल, तर दर दोन-तीन तासांनी पातळी पाहून शेतातले काम उरकावे आणि बांधावर वळताना चाक टोकापर्यंत रेटू नये. दाबाच्या पाईपला ओल असेल, फवारा दिसत असेल किंवा पातळी डोळ्यांदेखत उतरत असेल, तर काम तेथेच थांबवावे. आणि कोणत्याही थेंब पडणाऱ्या गळतीवर भरलेली ट्रॉली घेऊन रस्त्यावर जाऊ नये. पेरणीसाठी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने मिळतो.

दुरुस्ती झाल्यावर आतील हवा काढावी लागते. टाकीतील गाळणी साफ करावी किंवा बदलावी, नवे तेल खुणेपर्यंत भरावे. पुढचा भाग जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर भरवसा नको. इंजिन मंद चालवून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश आठ-दहा वेळा फिरवावे, टोकाला थांबू नये. इंजिन बंद करून फेस बसू द्यावा, पातळी पाहावी, कमी झालेले तेल भरावे आणि पुन्हा तसेच करावे. फेस येणे थांबले म्हणजे हवा निघाली. नंतर ट्रॅक्टर खाली घेऊन पुन्हा पावडर आणि पुठ्ठ्याची परीक्षा करावी. काढलेले जुने तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याला द्यावे.

प्रक्षेत्रावरचा एक जुना ट्रॅक्टर बाहेर शेडमध्ये उभा केला आहे. त्याच्याखाली काल संध्याकाळीच पुठ्ठा घालून ठेवला आहे आणि तो अजून कोणी काढलेला नाही. प्रश्न तेथेच घेऊ. दोघांनी टॉर्च घ्या, आणि कोणीही पाईपला हात लावू नका.